माझे सत्तेचाळीस अग्निखडे

१ मार्च, रविवार. सकाळी ७.२०

आजपासून रोजनिशी. ही वही कुणीही वाचू नये. कव्हरवर मुद्दाम ‘जुनी वीजबिले’ असं लिहिलंय. ते वाचून या घरात कुणी उघडणार नाही.

परिस्थिती अशी. कन्या जानेवारीत नोकरीला दूर गेली. रेल्वेने आठ तास. पुलांची तपासणी करणारी कंपनी. पुलाखाली उभं राहून हातोडीने ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, असं काहीतरी काम आहे. जाताना तिने कपाटावरची मोठी बॅग मागितली. बॅग अकरा वर्षांची, पण एकदाही न वापरलेली, प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा काढलेलं नाही. मी म्हटलं, चांगली आहे, राहू दे, जुनी घे. तिने जुनी घेतली. जुनीची चेन तुटलेली, म्हणून दोरीने बांधून गेली. तेव्हापासून तिचा फोन आईला येतो, मला येत नाही. बॅगेवरून कुणी एवढं धरून बसत नाही. दुसरं काहीतरी कारण असणार, माझ्यापासून लपवलेलं.

जुन्या बॅगेत तिचा गेम खेळायचा बॉक्स मावला नाही. तो टीव्हीखाली राहिला. २८ तारखेला ती तो न्यायला येणार, असं बायकोकडून कळलं.

यंत्र पडून राहिलं की खराब होतं, म्हणून फेब्रुवारीपासून मी ते रोज थोडं चालवतो. केवळ देखभाल. ती सोडून गेलेला गेम शेवटच्या बॉसपाशी, म्हणजे शेवटच्या राक्षसापाशी अडकलाय. म्हणजे तिला तो हरवता आला नाही, हे उघड आहे.

संकल्प: २८ च्या आत मी त्याला हरवणार. मग ती म्हणेल, बाबा, हे तुम्ही कसं केलंत? त्यावर मी फक्त हसणार.

२ मार्च, सोमवार

शेवटच्या बॉसचं नाव ‘कोठारवाला’. चार हात, पोट मोठं, शस्त्रांच्या ढिगाऱ्यावर बसलेला. कुणी जवळ आलं की हाणतो. बाकीच्या बॉसची मला चीड येते, याची येत नाही. तो काय चुकीचं करतोय? ताब्यातला माल राखतोय. मी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं स्टोअरकीपर आहे. मला त्याची बाजू समजते.

तरी हरवावं लागेल.

आज अकरा सेकंदांत मेलो. खुर्ची फार मऊ आहे.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.४५

स्टॉक घेतला. गेममधल्या पिशवीत सत्तेचाळीस अग्निखडे निघाले. एक खडा वापरला की तलवार मिनिटभर पेटते. पाच खडे गेममधल्या लोहाराला दिले की तलवारीची ताकद कायमची एका पायरीने वाढते. कन्येने एवढे साठवून ठेवलेत. काही झालं तरी रक्त माझंच.

धोरण ठरवलं: एकही खडा खर्च करायचा नाही. शेवटी काय प्रसंग येईल सांगता येत नाही. बायको म्हणाली, शेवटच्या बॉसपाशीच आहात ना, याहून शेवटचा प्रसंग कोणता येणार? असले प्रश्न ती मुद्दाम विचारते.

खड्यांसाठी रजिस्टर उघडलं. रकाने डेपोतलेच: तारीख, आरंभी शिल्लक, दिले, कोणास दिले, अखेर शिल्लक, सही.

डेपोत आज ‘पाना’ दोनदा येऊन गेला. पाना म्हणजे आमचा मेकॅनिक, कानामागे पेन्सिल ठेवावी तसा खिशात सदैव पाना. चौदा नंबरची बस तीन आठवडे उभी आहे, फॅन बेल्ट द्या म्हणतो. बेल्ट दोनच आहेत. शेवटचे दोन. दिले आणि उद्या गरज पडली तर? तो म्हणाला, गरज आजच पडलीय. मी म्हटलं, अर्ज कर. त्याने केला. मी म्हटलं, विचार करतो.

६ मार्च, शुक्रवार

पानाला माझ्या गेमचा सुगावा लागला. माझ्या अंगठ्याला पट्टी का, हे विचारता विचारता त्याने काढून घेतलं. त्याने म्हणे हा गेम कधीच संपवलाय. मग हळूच, शेजारी कुणी नाही हे बघून म्हणाला,

“साहेब, तो बॉस तुमची पिशवी बघतो. जितकं राखून ठेवाल तितका तो मोठा होतो. रिकामे व्हा आणि मग जा.”

वा. काल बेल्ट मागत होता, आज पिशवी रिकामी करायला सांगतोय. या माणसाचं सगळं बोलणं शेवटी माझ्या स्टोअरवरच येतं. मी मान डोलावली. अर्ज फाइलला लावला.

८ मार्च, रविवार

मेहुणा राहायला आला. त्याच्या घराला रंग देणं चाललंय, दोन आठवडे इथेच. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. डोक्यावर केस नाही, बोटं मात्र लांब आणि बारीक. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून त्याला कळूही न देण्याचं काम करणारा माणूस. आल्या आल्या टीव्हीकडे बघून म्हणाला, “अरे वा भावोजी, मोठा आहे.” किती साधं वाक्य. म्हणूनच लक्षात ठेवलं.

रात्रीचं जेवण लवकर झालं. मी नेहमीप्रमाणे आठ ते आठ चाळीस फिरून आलो.

९ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०

एक्केचाळीस.

दोनदा मोजले. एक्केचाळीसच. सहा खडे गायब. माणूस घरात येऊन चोवीस तास झाले नाहीत.

आणखी एक. गेममधल्या माझ्या माणसाला मी गुहेच्या तोंडाशी उभा करून गेलो होतो. आज तो शेकोटीजवळ बसलेला सापडला. आपणहून कुणी बसत नाही. त्याला कुणीतरी बसवलं.

रजिस्टरमध्ये नोंद: दिले सहा. कोणास दिले: अज्ञात.

१० मार्च, मंगळवार

छत्तीस. आणखी पाच गेले. तलवारही पूर्वीसारखी दिसत नाही. जास्त चमकते, कडेला निळी रेघ आहे. माझी तलवार काढून कुणीतरी दुसरी ठेवली असणार. डेपोत हे प्रकार चालतात: जुना पार्ट काढायचा, तसाच दिसणारा ठेवायचा. इथे चोराने मूळ मालापेक्षा चांगला माल ठेवलाय, एवढं मात्र कोड्यात टाकणारं आहे. दिशाभूल असावी.

संशयित:

मेहुणा. बोटं.

बायको. मोजणी चालू असताना तिने दोनदा विचारलं, “किती भरले?” तिला काय करायचंय?

पाना. घरी येत नाही, पण मेहुण्याशी ओळख असू शकते. दात सगळ्यांनाच असतात.

११ मार्च, बुधवार

मोठी बातमी. आज कोठारवाल्यासमोर एक मिनिट चाळीस सेकंद टिकलो. त्याची ताकद निम्म्याच्या खाली आणली. तो आज जरा सुकल्यासारखा दिसत होता. पोटही आत गेलेलं. मला घाबरलाय.

गेले चार दिवस मी रबरी चेंडू दाबून अंगठ्याचे व्यायाम करतोय. त्याचं हे फळ. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, छान. नंतर स्वयंपाकघरात जाऊन हसली. भांड्यांच्या आवाजातही हसणं ओळखू येतं.

१२ मार्च, गुरुवार. रात्री ८.५०

सापळा लावला. फिरायला जाण्याआधी डोक्याचा एक केस (माझ्याकडेही फार शिल्लक नाहीत, त्यामुळे हा त्यागच) बॉक्सच्या बटणावर चिकटपट्टीने आडवा लावला. कंट्रोलरवर पावडर भुरभुरवली. बटण दाबलं की केस तुटणार, हात लावला की ठसे उमटणार.

परत आलो. केस जागच्या जागी. पावडर जशीच्या तशी. बॉक्स चालू केला. खडे एकतीस.

म्हणजे चोर केस न तोडता बटण दाबतो, पावडर न हलवता कंट्रोलर धरतो. दाढेत हात घालून भोक पाडणाऱ्या माणसाला हे सहज जमेल. माझा संशय आता संशय राहिला नाही.

मेहुणा सोफ्यावर झोपला होता. तोंड उघडं. इतकी गाढ झोप साळसूद माणसाला लागत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

टोपी विसरलो म्हणून जिन्यातून परत आलो. दार लोटलेलं होतं. आत बायको फोनवर हळू आवाजात सांगत होती:

“हो, गेले आत्ताच. चाळीस मिनिटं आहेत तुला.”

मेहुणा त्या वेळी बाथरूममध्ये होता. म्हणजे ही बाथरूममध्ये फोन करते? एकाच घरात राहून फोनवर बोलतात, इतकी यांची तयारी.

तीस वर्षांचा संसार. मी टोपी न घेताच फिरायला गेलो. कानाला वारा लागला.

१४ मार्च, शनिवार

सकाळी सव्वीस खडे निघाले. संध्याकाळी कोठारवाल्याशी लढलो. काय सांगू. तो दारातून सहज आत-बाहेर जाईल एवढाच राहिलाय. तलवारीच्या एका घावात पूर्वी ओरखडा उठायचा, आज तुकडा पडला. त्याची ताकद शेवटच्या एका बोटाएवढी उरली होती. आणखी दोन घाव. तेवढ्यात मेहुण्याने शिंक दिली आणि मी मेलो.

तरी आनंद झाला. चेंडू दाबणं वाढवलं पाहिजे.

या चोऱ्या चालू असताना मी इथवर पोचलो. चोऱ्या थांबल्या तर काय होईल? म्हणून आज फिरायला जाण्याआधी बॉक्सची वायरच काढली, गुंडाळून खिशात घातली आणि गेलो. उद्या बघतो.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११

वायर माझ्या खिशात असूनही पाच खडे गेले. एकवीस.

आता शांतपणे विचार केला. मेहुण्याकडे दुसरी वायर आहे, हे तर झालंच. पण चोराला आत शिरायला खातं लागतं. हे खातं कन्या शाळेत असताना माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर उघडलेलं आहे, कारण ती तेव्हा लहान होती. पासवर्ड मात्र तिने ठेवलेला, घरात सगळ्यांना माहीत असलेला.

तो बदलला. एक तास लागला. नवा पासवर्ड असा ठेवलाय की कुणाच्या बापाला सुचणार नाही. इथेही लिहीत नाही. भिंतीलाच काय, वीजबिलांच्या वहीलाही कान असतील.

रात्री ८.५०. आज फिरायला जाताना हलकं वाटलं. शीळ घातली.

१६ मार्च, सोमवार. रात्री ९

सापडला!

परत येऊन ईमेल उघडली. कंपनीकडून सूचना: आपल्या खात्यात अन्य यंत्रावरून प्रवेश करण्याचा प्रयत्न, पासवर्ड चुकीचा. एक नाही, नऊ सूचना. पहिली आठ वाजून नऊ मिनिटांची, शेवटची आठ एकतीसची. बावीस मिनिटं चोर तडफडत होता. अन्य यंत्र म्हणजे मेहुण्याने स्वतःचा बॉक्स आणलाय. बॅगेत लपवलेला असणार.

खडे एकवीसच्या एकवीस. रजिस्टरला लाल शाईने सही केली.

१७ मार्च, मंगळवार

चार प्रयत्न. जेवताना बायकोने विचारलं, त्या मशीनमध्ये काही बदललंत का? मी घास चावत राहिलो. ती म्हणाली, बदललं असेल तर का बदललं ते तरी सांगा. मी म्हटलं, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मेहुण्याने आणखी एक पोळी घेतली. चौथी.

१८ मार्च, बुधवार

एकच प्रयत्न. आठ वाजून बारा मिनिटांनी.

१९ मार्च, गुरुवार

एकही नाही.

२० मार्च, शुक्रवार

एकही नाही. ईमेल तीनदा उघडून बघितली. कचऱ्याच्या फोल्डरमध्येही बघितलं. मी जिंकलो आहे. का कोण जाणे, करमत नाही. माझा माणूस मी जिथे उभा करतो तिथेच उभा असतो. शेकोटीपाशी कुणी त्याला बसवत नाही. मी एकदा स्वतः बसवायचा प्रयत्न केला, पण कुठलं बटण ते सापडलं नाही.

गेलेला माल भरून काढायचं काम हाती घेतलंय. जुन्या पातळ्यांवर परत जाऊन खडे गोळा करतोय. एकोणचाळीस झाले.

२१ मार्च, शनिवार

कोठारवाल्याशी लढलो. वीस सेकंद. तो मोठा वाटला. टीव्हीच्या फार जवळ बसलो असेन.

२२ मार्च, रविवार

मेहुणा घरी गेला. जाताना वाकून नमस्कार केला, म्हणाला, भावोजी, तुमच्याकडे फार बरं वाटलं, कुणी उगाच बोलत बसत नाही. मी त्याची बॅग खाली नेऊन देण्याच्या निमित्ताने चाचपली. बॉक्स लागला नाही. कपडे, दात घासायचे बारा ब्रश. आधीच कुठेतरी हलवलेला दिसतोय.

दुपारी बायकोने सांगितलं, कन्या २८ ला येईल, पण राहणार नाही. आधी दोन दिवसांचं ठरलं होतं ना? हो, आता नाही. सकाळी यायचं, बॉक्स घ्यायचा, चारच्या गाडीने परत. मी विचारलं, का? बायको म्हणाली, “मला का विचारता? फोन आहे ना तुमच्याकडे.”

फोन आहे. पण तिने बॅगेवरून रुसायचं आणि मी फोन करायचा, हे काही मला पटत नाही. मी तिला बॉस हरवूनच दाखवणार. ते बघितलं की थांबेल. नक्की थांबेल.

२४ मार्च, मंगळवार

अठ्ठावन्न खडे. इतका भक्कम साठा या घरात कधीच नव्हता.

कोठारवाला आता पडद्यात मावत नाही. फक्त गुडघे दिसतात. सहा सेकंद. कंट्रोलर चिकट लागतोय. मेहुण्याने जाता जाता त्याच्यात काहीतरी घातलं असणार, दातांचं सिमेंट वगैरे. पुसून घेतला. मग पाच सेकंद.

क्षणभर पानाचं बोलणं आठवलं. पिशवी बघतो म्हणे. पण मग सगळे खडे उडवायचे, आणि उडवूनही हरलो तर? तेव्हा पाना येणार आहे का भरून द्यायला?

२६ मार्च, गुरुवार. दुपारी ३

वार्षिक साठा तपासणी. मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. चष्मा, शांत, नखं कापलेली. त्यांनी शेल्फवरचे ते दोन फॅन बेल्ट काढायला लावले. मी फडकं घेऊन पुसले आणि दिले. त्यांनी एक हातात धरून जरा वाकवला. मधोमध तडकला. दुसराही तसाच. रबर वाळून बिस्किटासारखं झालेलं. हे बेल्ट किती वर्षं इथे आहेत, त्यांनी विचारलं. मी रजिस्टर दाखवलं. नऊ वर्षं. नोंदी चोख होत्या, हे त्याही म्हणाल्या. मेमो मात्र मिळाला.

पाना दारात उभा होता. त्याने टोमणा मारायला हवा होता. मारला नाही. चौदा नंबरसाठी दुसऱ्या डेपोतून बेल्ट मागवतो म्हणाला आणि गेला. हे न बोलणं फार दिवस पुरेल असं दिसतंय.

मेमो शर्टाच्या खिशात आहे. घरी दाखवला नाही.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७

शेवटची संधी. त्रेसष्ट खडे. चेंडू दाबून झाला. खुर्ची बदलली, लाकडी घेतली. ही बातमी ती दारातून आत येतानाच द्यायची, की चहा झाल्यावर, एवढंच ठरवायचं राहिलंय.

७.१०. चार सेकंद.

७.१५. तीन.

७.४०. सतरा वेळा. कोठारवाल्याचा आता फक्त अंगठा दिसतो. पायाचा.

बायको पलंगावर नवी चादर घालत होती. राहणार नाही म्हणतेय तर कशाला, असं विचारलं. ती म्हणाली, घालते मी माझी.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.१५

सगळं लिहून ठेवतो, क्रमाने.

ती अकराला आली. बारीक झालीय. हाताला हातोडीचे घट्टे. बूट दाराबाहेर काढले, पाहुणे काढतात तसे. मी म्हटलं, बॉक्स चालू स्थितीत आहे, मी देखभाल ठेवली. ती म्हणाली, हो. चहा झाला. हवेबद्दल बोलून झालं. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही खेळता का कधी? मी म्हटलं, कधीमधी, वेळ मिळाला तर.

तिने बॉक्स लावला. मला पासवर्ड विचारला नाही, माझं खातं उघडंच होतं. पिशवी उघडली. त्रेसष्ट बघून तिथेच थांबली. पलीकडे लाल शाईचं रजिस्टर पडलं होतं, तेही तिने उचलून वाचलं. ‘कोणास दिले: अज्ञात’, ‘अज्ञात’, ‘अज्ञात (मेहुणा?)’.

मला वाटलं, हसेल. हसली नाही.

“बाबा, मी होते ती,” ती म्हणाली. “रूमवरच्या मैत्रिणीकडे असाच बॉक्स आहे. खातं एकच, त्यामुळे तिथून उघडलं तरी हाच गेम येतो. तुम्ही फिरायला गेलात की आई फोन करायची आणि मी आत यायचे.”

मी विचारलं, खडे का घेतलेस?

“संपवत होते. तो पिशवी बघतो. तुमच्याकडून एकही खर्च होणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून जमेल त्या रात्री पाच-सहा मी संपवायचे. काही लोहाराला दिले, तुमची तलवार चांगली व्हावी म्हणून. निघताना तुमच्या माणसाला शेकोटीपाशी बसवून जायचे. चौदा तारखेला दोन घाव राहिले होते तुमचे. मला तिकडे लढतीची नोंद दिसली. मैत्रिणीला उठवून दाखवली मी.”

तिने म्हणे या बॉसला पहिल्याच आठवड्यात हरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी. नंतर आणखी तीनदा. हा गेम तिने जाताना मुद्दाम त्याच्यापाशी आणून सोडला होता, मी उघडला तर माझ्यासाठी.

केसाचं आणि पावडरचं सांगितलं नाही. ते बायकोने सांगितलं. तिने नंतर पावडर पुसली होती म्हणे, कारण मी ती जमिनीवरही सांडली होती.

मग ती खाली बघून म्हणाली, “सोळा तारखेला बघते तर दार बंद. मला वाटलं, तुम्हाला कळलं की मी आहे. आणि म्हणून बंद केलंत.”

एवढं मला गेल्या सव्वीस वर्षांत कुणी ऐकवलेलं नाही. मेमो त्यापुढे काहीच नाही. मला भयंकर वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिथे तोंडातून शब्द आला नाही.

खिशात इश्यू स्लिपचं पुस्तक असतं. सवय. एक फाडली. भरली. मालाचं वर्णन: पासवर्ड. नग: एक. कोणास दिले: कन्या. मागच्या बाजूला पासवर्ड लिहिला आणि तिच्या हातात दिली.

तिने वाचला. परत वाचला.

“मी सगळं टाकून बघितलं होतं,” ती म्हणाली. “डेपोचा नंबर. आईचा वाढदिवस. तुमचा कामगार क्रमांक. चौदा नंबरची बस. कोठारवालासुद्धा टाकून बघितलं.”

मी विचारलं, आणि हे?

“माझं नाव कशाला असेल तिथे?”

‘भिंगरी’ असं लिहिलं होतं. ती तीन वर्षांची असताना खोलीभर गोल गोल फिरायची, तेव्हा मी म्हणायचो. शाळेत गेल्यावर तिनेच बंद करायला लावलं होतं. मला वाटलं होतं, हे जगात कुणालाच सुचणार नाही. ते बरोबर निघालं.

बायको आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं.

अडीच वाजता मी स्टूल घेऊन कपाटावरची मोठी बॅग काढली. प्लॅस्टिक पिवळं पडून बॅगेला चिकटलेलं. ओढून काढलं. म्हटलं, ही घे, यात बॉक्सही मावेल. ती नको म्हणाली नाही. स्टेशनला निघालो. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पुढचं चाक फुटलं, चौथ्या पायरीवर उरलेली तिन्ही. रबर वाळून बिस्किटासारखं झालेलं. काळा चुरा तळमजल्यापर्यंत सांडला. मी तपासून बघितला. डेपोसारखाच.

ती पायरीवर बसून हसायला लागली. पहिल्यांदा. मीही बसलो. नंतर तिने बॅग डोक्यावर घेतली आणि मी तिची दोरीवाली. बॉक्स तिने नेला नाही. म्हणाली, राहू दे तुमच्याकडे, मला तिथून जमतं.

राहिली मात्र नाही. चारची गाडी पकडली. सोमवारी तिला पूल आहे.

२९ मार्च, रविवार. रात्री ८.५५

जिना झाडून काढला. मेहुण्याला फोन केला. काही विशेष नाही, रंग कसा झाला ते विचारलं. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही आपणहून फोन केलात, सगळं ठीक आहे ना? संशयी माणूस आहे.

आठ वाजता फिरायला गेलो. टोपी घेतली. निघताना बायकोला मोठ्याने सांगितलं, मी चाललो, चाळीस मिनिटं लागतील. ती म्हणाली, ऐकलं. पस्तीस मिनिटांत खरं तर परत आलो होतो. पाच मिनिटं खाली फाटकापाशी उभा राहिलो.

वर येऊन बॉक्स लावला. माणूस शेकोटीपाशी बसलेला.

स्टॉक घेतला. रजिस्टर भरलं. आरंभी शिल्लक त्रेसष्ट. दिले पाच. कोणास दिले: भिंगरी. अखेर शिल्लक अठ्ठावन्न. सही.

मग एक खडा मी स्वतः वापरून बघितला. तलवार पेटली. समोर कुणीच नव्हतं, वाया गेला. शिल्लक सत्तावन्न. कोठारवाला अजून भिंतीएवढाच आहे.